रामवाडीचे पाच व्होल्ट

भाऊबीजेच्या सकाळी साडेसातला आम्ही ठाण्याहून निघालो तेव्हा गाडीच्या सगळ्या काचा बंद होत्या आणि एसी चालू होता. बाहेर चांगला गारवा होता. माझ्या बायकोने, कुंदाने, शाल घट्ट ओढून घेत विचारलं, "अहो, रोह्यापर्यंत हे असंच कुडकुडत जायचं का?" मी म्हटलं, "एसी घेतलाय तो काय शोभेला?" खरं सांगायचं तर तो शोभेलाच घेतला होता. रोह्यात दाजींच्या दारात गाडी थांबेल, दार उघडेल आणि आतली गार हवा त्यांच्या पायांवर जाईल, एवढं एकच चित्र गेले पंधरा दिवस माझ्या डोक्यात होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. नऊ वर्षं आमचं बोलणं बंद होतं. बाबा आक्काकडेच राहायचे आणि तिथेच छातीच्या दुखण्याने गेले. तेराव्याला जमलेल्या सगळ्या नातेवाइकांसमोर मी दाजींना म्हणालो होतो, "तुम्ही वेळेवर मुंबईला हलवलं असतंत तर माझा बाप आज असता." ते काही बोलले नाहीत. मी चपला घातल्या आणि निघून आलो. त्यानंतर दर दिवाळीला आक्काचं पत्र यायचं आणि माझंही कारण तयार असायचं. कधी शिफ्ट, कधी ताप, कधी अचानक पाहुणे. आदल्या वर्षी तर मी फोनवर "मित्राची गाडी घेऊन निघालो होतो, वाटेत बंद पडली" असं ठोकून दिलं होतं.

यंदा पत्रात एकच ओळ होती. "तू येईपर्यंत मी तोंडात काही घालणार नाही." आक्काला साखरेचा आजार. सकाळची गोळी घेऊन ती उपाशी राहिली की दुपारपर्यंत तिला घाम फुटतो, भोवळ येते. धमक्या देणारी बाई नव्हे ती. पत्र वाचून मी दोन दिवस चिडचिड केली आणि तिसऱ्या दिवशी जायचं ठरवलं.

गाडीबद्दल सांगायलाच हवं. नव्वदीच्या अखेरीची गोष्ट आहे ही. रस्त्यावर बहुतेक गाड्या कार्बोरेटरच्या होत्या आणि माझी इंजेक्शनची, कॉम्प्युटरवाली. मी एका रसायनांच्या कारखान्यात दाब आणि तापमान मोजणाऱ्या उपकरणांची देखभाल करायचो, त्यामुळे या कॉम्प्युटरचं मला फार कौतुक. बॉनेट उघडून कोणता सेन्सर कुठे आहे हे मी सोसायटीतल्या प्रत्येकाला एकदा तरी दाखवलं होतं. तुम्हाला टाळायला लोक हल्ली लिफ्टने जायचं सोडून जिन्याने जातात, असं कुंदा म्हणायची.

खारपाड्याचा पूल ओलांडला की हवा बदलते. चिखलाचा आणि खाऱ्या पाण्याचा एक वास बंद काचांतूनही आत येतो. एका बाजूला भात कापून आडवं टाकलेलं, दुसऱ्या बाजूला खाडीला लागून मिठागरं. मीठ अजून धरलेलं नव्हतं. पावसाने ढासळलेले बांध लिंपायचं काम चालू असावं, पण सणामुळे तिथे चिटपाखरूही दिसत नव्हतं. कुंदाने काच खाली केली. मी बटण दाबून वर केली. तिने पुन्हा खाली केली, आणि त्याच क्षणी गाडीने पहिला आचका दिला.

इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. मग पाय दाबला तरी गाडी पुढे जाईना. सोडला की मध्येच उसळी मारी. मागचे ट्रकवाले भोंगे वाजवत होते आणि मी त्यांना खिडकीतून हातवारे करत होतो. असे उचक्या देत देत आम्ही पेणच्या अलीकडे रामवाडीला पोहोचलो. तिथे झेंडूचं तोरण लावलेल्या, अर्धं शटर ओढलेल्या एका गॅरेजसमोर गाडीने जीव टाकला.

गॅरेजला लागूनच घर होतं. ओटीवर पाटावर एक पन्नाशीचा माणूस बसला होता, अंगात घड्या न मोडलेला नवा सदरा, कपाळावर कुंकवाचा ओला टिळा. समोर ओवाळणीचं ताट हातात घेतलेली, रापलेल्या चेहऱ्याची एक बाई उभी होती. तेच मेकॅनिक, हरिभाऊ. ती त्यांची धाकटी बहीण हिराबाय, खाडीकाठच्या गावातून आलेली.

"आज गॅरेज बंद हाय," हरिभाऊ पाटावरूनच म्हणाले.

"अहो, पण मला रोह्याला बहिणीकडे जायचंय!" मी जवळजवळ ओरडलोच.

हिराबायने ताट खाली ठेवलं. "बघ रं दादूस (थोरल्या भावाला इकडे असं म्हणतात), त्यांची बी कोणतरी ताट घेऊन उभी असंल."

हरिभाऊ उठले. नव्या सदऱ्यावर जुना खाकी कोट चढवून त्यांनी बॉनेट उघडलं, आत डोकावले आणि मान हलवली. "साहेब, आपण कार्बोरेटरवाले. ह्यात कुठं हात घालायचा?"

मला तेवढंच पाहिजे होतं. डिकीत व्होल्ट मोजायचा मीटर होता. तो काढून मी भर रस्त्यावर व्याख्यान सुरू केलं. कॉम्प्युटर सेन्सरना पाच व्होल्ट पुरवतो. सेन्सर त्यातले काही परत पाठवतात, त्यावरून कॉम्प्युटरला कळतं की पाय किती दाबलाय आणि हवा किती येतेय. मी पेडलच्या सेन्सरवर मीटर लावला. पाच हवेत तिथे नऊ दशांश. हवेच्या दाबाच्या सेन्सरवर लावला, तिथेही नऊ दशांश.

"संपलं," मी म्हणालो. "सगळीकडे एकदम गेलंय म्हणजे मुख्य पेटीच गेली. कॉम्प्युटर खलास."

"मग एसटीने जाऊ या," कुंदा म्हणाली. "गाडी राहू दे इथे."

तेव्हा मी जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते. आज एसटीत पाय ठेवायला जागा नसेल, गाडी अशी बेवारशी टाकून जाता येत नाही, तुला यातलं काही कळत नाही, असं बरंच. यातलं एकही कारण खरं नव्हतं. दाजींच्या दारात एसटीतून चुरगळून उतरायला मी तयार नव्हतो, एवढंच. कुंदाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथकडे निघून गेली.

ती परत आली तेव्हा दहा वाजून गेले होते.

"दाजींनी उचलला. गाडी बंद पडलीय म्हटलं. 'बरं' म्हणाले."

"आणि?"

"आणि काही नाही. नुसतं बरं. मागून आक्कांचा आवाज आला, 'गेल्या वर्षीही बंदच पडली होती त्याची गाडी.' गोळी आठलाच घेतलीय त्यांनी. पोटात काही नाही."

नऊ वर्षांत पहिल्यांदा मी खरं बोलत होतो आणि तेच माझं गेल्या वर्षीचं खोटं होतं. आता मी नाही पोहोचलो तर आक्का पुन्हा कधी पत्र लिहिणार नाही हे मला स्वच्छ दिसलं. आणि तोवर तिकडे तिला काही झालं तर? भीती वाटली की मी ओरडतो, ही माझी जुनी खोड. मी हरिभाऊंवर ओरडलो, गाडी बनवणाऱ्यांवर ओरडलो, बॉनेटवर हात आपटला. वायर हलवत होतो, फ्यूज काढत होतो, हरिभाऊंनी हात घातला की "थांबा, थांबा, तिथे नको" करत होतो.

"भाऊ," हिराबाय शांतपणे म्हणाली, "तुमी जरा तिकडं बसा."

"अहो, पण..."

"तिकडं. त्या टायरीवर."

कुंदाला हसू आवरेना. मी टायरवर जाऊन बसलो. हिराबायने माझ्या हातातला मीटर कधी काढून घेतला ते मला कळलंही नाही. त्याच्या जागी तिने तांदळाची भाकरी आणि वर वालाचं बिरडं ठेवलं होतं. नको म्हणायचा माझा विचार होता, पण पहिला घास घेतला आणि राहिला तो विचार. आमच्या आईच्या हातचं बिरडं असंच असायचं, थोडं गोडसर. तिकडे आक्का उपाशी आहे हे आठवल्यावर मात्र दुसरा घास उतरेना. भाकरी झाकून बाजूला ठेवली.

"दादूस, ही पाण्याची वाट एकच हाय का रं सगळ्यांना?" हिराबाय वाकून विचारत होती.

"वीज गो, पाणी नाय."

"तेच ते. हे सायब बोलले ना, पेटीतनं निघते नि सगळ्यांना वाटून जाते. आमच्या आगरात (मिठागरात) तसंच हाय. पाणी कमी व्हायला लागलं तं समदे वाफे एकदमच उतरतात. कुठं गळतंय, काय दिसत नाय. मंग आमी एकेका वाफ्याचं तोंड मातीनं बुजवतो. ज्याचं बुजवलं की बाकीच्यांचं पाणी उतरायचं थांबतं, खांड (भगदाड) त्याच्यातच. चिंबोरीनं (खेकड्याने) बीळ केलेलं असतं बघ." तिने माझ्याकडे मान वळवली. "आनि हे भाऊ तं सरळ बोलतात, उघाडीच मोडली!"

उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आगरात घेण्याची मुख्य झडप. बांधावरचं चिंबोरीचं बीळ न शोधता मी मुख्य झडपच मोडीत काढली होती. पंचवीस वर्षं कारखान्यात हेच काम केलेला माणूस मी. एका वाहिनीवर चार उपकरणं असली की एकेक सोडवून बघायचं, हे मी नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो. टायरवरून उठून ते सांगावंसं वाटलं, पण कुंदाने बोट वर केलं. पुन्हा बसलो.

हरिभाऊंनी मीटरची एक तार इंजिनाला टेकवली, दुसरी पेडलच्या सेन्सरच्या वायरीत खुपसली आणि मीटर हिराबायच्या हातात दिला. "आकडा बदलला की ओरड."

"आकडं येतात मला. गोणी मोजते मी."

त्यांनी हवेच्या दाबाच्या सेन्सरचा प्लग उपसला.

"शून्य टिंब नऊ," हिराबाय म्हणाली. "तसंच हाय."

तो परत बसवला. मग इंजिनाच्या मागच्या बाजूचा एक उपसला.

"तसंच."

हरिभाऊ कमरेवर हात ठेवून थोडा वेळ वायरींच्या मागावर नजर फिरवत राहिले. मग पुढे जाळीपाशी वाकले. तिथे एसीच्या नळीवर गॅसचा दाब मोजणारा एक छोटा सेन्सर होता. इंजिनाशी त्याचा काय संबंध म्हणून मी त्याचा विचारही केला नव्हता. त्याचा प्लग नुसता हात लावताच निघाला.

"पाच!" हिराबाय एवढ्यांदा ओरडली की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. "पाच आलं गो बाय! पाच, टिंब, शून्य!"

मी धावत गेलो. हरिभाऊंनी तो प्लग उन्हात धरला. आत चिकट, पिवळट काहीतरी होतं आणि त्यात लाल मुंग्या. काही मेलेल्या, पिनांच्या मध्ये चेपलेल्या, काही अजून वळवळत होत्या. त्यांनी प्लग नाकाशी नेला.

"साहेब," ते म्हणाले, "नारळ कुठं फोडलात?"

कुंदा तिथेच ओटीच्या कडेवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आदल्या दिवशी पाडव्याला गाडीची पूजा केली होती. सकाळी मी स्वतः प्लग काढून काढून पुसले होते, आणि बहुतेक याच प्लगची रबरी चकती बसवायची राहिली. संध्याकाळी हळदकुंकू झाल्यावर नारळ फोडला. कुंदा म्हणत होती, चाकापुढे दगडावर फोडा. मी म्हटलं, इंजिनाला तीर्थ नको का? आणि दोन्ही वाट्यांतलं पाणी जाळीतून आत शिंपडलं. ते थेट सेन्सरच्या पोटात गेलं आणि आतल्या आत सगळं जोडलं गेलं.

"पेटी बिचारी चांगली हाय," हरिभाऊ म्हणाले. "ती पाच देत व्हती. हा एकटा सगळं गिळत व्हता, नि बाकीचे उपाशी."

तो प्लग त्यांनी बाजूला बांधून टाकला. एसी चालणार नाही, एवढंच. किल्ली फिरवली तर गाडी काही झालंच नाही अशी सुरू झाली. मी हरिभाऊंचे हात धरले, हिराबायला नमस्कार केला. म्हटलं, "ताई, मलाही ओवाळा." ती म्हणाली, "पयलं तिकडं जा. तिचा मान हाय." आणि माझी झाकून ठेवलेली भाकरी तिने कुंदाच्या हातात बांधून दिली.

या वेळी बूथमध्ये मी गेलो. दाजींचा आवाज नऊ वर्षांत थोडा घोगरा झाला होता.

"दाजी, मी बोलतोय. आक्काला काहीतरी खायला घाला. मी येतोय."

"गाडी?"

"चालू झाली. तिचा काही दोष नव्हता. माझाच होता."

ते म्हणाले, "दूध देतो तिला. तू सांगितलंस म्हटलं तर घेईल. सावकाश ये, घाई करू नकोस."

वडखळ मागे पडलं, नागोठणे आलं. काचा पूर्ण खाली होत्या. कापलेल्या भाताचा वास, धूळ, वारा, सगळं आत येत होतं आणि कुंदाचे केस उडत होते. निडीपाशी एक मालगाडी आमच्या बाजूने बराच वेळ चालली. मी बोलत नाही हे पाहून कुंदा म्हणाली, "दुखतंय का काही?" मी म्हटलं, "बाबांनी मला दोनदा बोलावलं होतं. आजारी पडल्यावर. मी दोन्ही वेळा शिफ्टचं सांगितलं." ती म्हणाली, "माहीत आहे मला." नऊ वर्षं तिला माहीत होतं आणि ती एका शब्दाने बोलली नव्हती. मला एवढं वाईट वाटलं की गाडी कडेला घेऊन पाणी प्यायलो. मुंबईला जायला बाबांनी स्वतः नकार दिला होता, हे मला तेराव्यालाही ठाऊक होतं. आक्काने ते मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं.

रोह्यात आक्काच्या गल्लीच्या तोंडाशी दाजी उन्हात उभे होते. गार हवा पायांवर सोडायचं राहून गेलं. मी घामाने ओला, हातांना काळं वंगण, डोक्यात धूळ. त्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "आधी हात धू. ती पाट मांडून बसलीय."

आक्का बारीक झाली होती. तिने मला ओवाळलं. माझ्या काळ्या बोटांकडे बघून ती म्हणाली, "म्हणजे खरंच बंद पडली होती!" आणि मग ती रडली, आणि मीही रडलो. हिराबायची भाकरी आम्ही तिघांनी वाटून खाल्ली. दाजी लांबून बघत होते, तर आक्काने त्यांच्याही हातावर तुकडा ठेवला.

दुपारी दाजी आणि मी ओटीवर बसलो. मी म्हणालो, "बाबांनीच नको म्हटलं होतं. मला माहीत होतं, दाजी. तरी मी तुम्हाला बोललो."

ते अडकित्त्याने सुपारी कातरत होते. "मला माहीत होतं की तुला माहीत आहे."

"मग त्याच वेळी सगळ्यांसमोर का नाही बोललात?"

"त्या दिवशी तुला कुणावर तरी ओरडायचंच होतं. मी जवळ होतो." त्यांनी सुपारी माझ्यापुढे केली. "एक-दोन दिवसांत ओसरेल असं वाटलं. नऊ वर्षं घेशील असं नव्हतं वाटलं."

संध्याकाळी निघालो. दाजींनी गाडीपुढे नारळ फोडला, चांगला दहा पावलं दूर, दगडावर, आणि पाणी पेल्यात धरून मला प्यायला लावलं. रामवाडीला आक्काने दिलेला फराळाचा डबा हरिभाऊंकडे पोचवला. हिराबाय दुपारीच परत गेली होती. उद्यापासून बांधाचं काम आहे म्हणाली, असं ते म्हणाले.

घरी येऊन कुलूप उघडतोय तोच आत फोन वाजायला लागला. दाजींनी आपणहून केला होता.

"पोचलास?"

"हो दाजी. वाटेत खारपाड्याला थोडी गर्दी होती, पण गाडी अगदी..."

"गाडीचं राहू दे रे," ते म्हणाले. "तू पोचलास ना?"